वाऱ्याच्या खालच्या अंगाला

फेब्रुवारीतल्या एका दुपारी व्हर्नानं दिराला निरोप धाडला, कोयोटांनी तीन कोकरं मारलीत, बंदूक घेऊन ये. रॉईस तासाभरात हजर. टेक्सासच्या त्या डोंगराळ मुलखात असल्या बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही. शिवाय वर्षापूर्वी तिथल्याच सीडरच्या झाडांच्या रानात त्याच्या हातून सख्खा भाऊ, व्हर्नाचा नवरा वेल्डन, गेला होता. वहिनीला नकार द्यायची त्याची टाप नव्हती.

चुकून गेला, असं त्यानं शेरीफला सांगितलं होतं. कोयोट वाऱ्याच्या वरच्या अंगानं आला, मी बार काढला, वेल्डन मध्ये आला. शेरीफनं लिहून घेतलं. आता, कोयोट म्हणजे कोल्ह्याचाच थोराड भाऊबंद. शिकाऱ्यानं पिपाणीवर काढलेलं जखमी सशाचं रडणं ऐकून तो सरळ येईल तर शपथ! वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगानं, म्हणजे वारा तोंडावर घेत, वास घेत घेतच येतो. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. सगळ्यांना कळलं, बोललं कुणी नाही. व्हर्नाही नाही. वर्षभर ती सूड पोटात ठेवून जेवली, झोपली. आज तिच्याही बंदुकीत छऱ्यांची काडतुसं होती, आणि चूक काय, कुणाच्याही हातून होते.

दोघं एकाच बुंध्याला पाठी टेकून बसली, तोंडं दोन दिशांना. झाडी इतकी दाट की चार पावलांपलीकडचं दिसेना. उन्हं कलली. सीडरचा उग्र वास नाकात भरला होता.

तेवढ्यात जवळच कुठंतरी ससा रडू लागला. जखमी सशाचं ते किंचाळणं, आणि शेवटी उचकी लागल्यासारखा तुटणारा सूर.

"वहिनी, दादासारखीच वाजवतेस की पिपाणी," रॉईस कुजबुजला.

"मी कुठं? मला वाटलं तूच."

त्याची पाठ ताठ झालेली तिला जाणवली.

"शेवटचा तुटका सूर... दादाच्या चिरलेल्या शिंगाच्या पिपाणीचा. कुठाय ती?"

"त्याच्या खिशात. शवपेटी बंद करायच्या आधी मीच ठेवली."

रॉईसनं समोरच्या झाडीत लागोपाठ तीन बार काढले. पाला झडला. रडणं क्षणभरही थांबलं नाही.

"दादा... ओळखलं होतं रे मी तुला. टोपी दिसली होती तुझी... बापानं सगळी जमीन तुलाच दिली... मला काय दिलं?"

व्हर्नानं वळून नळी त्याच्या पाठीवर रोखली. पण रॉईसनं आपली बंदूक बुंध्याला टेकवली आणि तो उठला. आवाजाकडं सरळ गेला नाही. मान खाली घालून, मध्येच नाक उचलत, झाडीला वळसा घालत तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला निघाला.

"रॉईस... अरे, कुठं..."

आत एकच बार झाला.

शेरीफनं दोन्ही बंदुका हुंगून पाहिल्या. व्हर्नाच्या नळीला दारूचा वास नाही, काडतुसं तशीच. रॉईसची रिकामी, बुंध्याशी उभी.

"मग त्याच्या छातीतले छर्रे कुणाचे, बाई?"

"लिहा की तुम्ही, चुकून लागले," व्हर्ना म्हणाली. "गेल्या वर्षी लिहिलंत ना?"

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. वर्षात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी ती पोटभर जेवली, नवऱ्याच्या फोटोवरची धूळ पुसताना चक्क हसली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भांडी घासत असताना मेंढवाड्यामागं ससा रडू लागला.

"बास, वेल्डन," ती म्हणाली. "फिटलं सगळं."

मग तिच्या लक्षात आलं, पायाखाली फरशी नाही, माती आहे. हातातली ताटली तशीच ओली. वळसा घेता घेता मेंढवाडा बराच डावीकडं राहिला होता, आणि वारा समोरून तोंडावर येत होता.

ती धावत घरात आली. दाराला आतून कडी घातली, कडीला कुलूप लावलं, आणि खिडकीच्या फाटक्या जाळीतून किल्ली बाहेर अंगणात भिरकावून दिली.