पांगाऱ्याचा पतंग

फुलांवर येणारा पतंग संपल्याचं कळलं तेव्हा विश्राम चितारी लाकडी आंब्याला लाख चढवत होता. सावंतवाडीत त्याचं खेळण्यांचं दुकान. बायको हेमलता वनस्पतिशास्त्रज्ञ. ती दारात येऊन म्हणाली, "घाटातले कान दोन हंगाम गप्प आसत. आमरीचो पतंग गेलो."

कान म्हणजे झाडांवर बसवलेली यंत्रं. पंखांच्या आवाजावरून ती कीटक ओळखत. पांढऱ्या आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलाला मागे लांब, अरुंद नळी असते आणि मध तिच्या तळाशी. तिथवर सोंड पोचणारा तो एकच पतंग होता. मध पिताना फुलातले पराग गोळी होऊन त्याच्या डोक्याला चिकटत आणि पुढच्या फुलात जात. आता फुलं येणार आणि सुकणार, फळ धरणार नाही. घाटात आमरीची जुनी झाडं तेवढी उरली होती.

हेमलताने यांत्रिक पतंग बनवायला घेतला. उडवायची यंत्रणा तिची. अंग हलकं हवं म्हणून विश्रामने पांगाऱ्याचं लाकूड कोरलं.

पहिली फेरी फुकट गेली. पतंग फुलात नीट शिरला, पण रिकामाच बाहेर आला. हेमलताने त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"अहो, हेका लाख कित्याक लावलात?"

"चितारी मी. लाकूड उघडा ठेवूक लाज वाटता."

"आमरी काय गिऱ्हाईक आसा? पराग चिकटतले कसे?" ती हसत सुटली.

विश्रामने डोकं घासून खरबरीत केलं. पुढच्या फेरीत पतंगाने एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांना दिले. काही दिवसांत फुलं मिटली आणि त्यांच्यामागे हिरवी बोंडं फुगू लागली.

ती पिकायच्या आधी हेमलता न्यूमोनियाने गेली.

पहिलं बोंड तडकलं तेव्हा तिची सहकारी शाहीन मुजावर ते घेऊन दुकानात आली. कागदावर पिवळट धूळ सांडली.

"ह्या बी?" विश्रामने विचारलं.

"लाखभर असेल, भाऊजी. पण एकातही अन्नाचा कण नाही. बुरशी आत शिरून भरवते, तेव्हाच रुजतं. ती बुरशी मॅडमनी मुळांतून काढून वाढवून ठेवलीय."

शाहीनने त्या बुरशीवर बी पेरलं, आणि पावसाळा संपता संपता थाळीत अंकुरांचे हिरवे ठिपके दिसले. वनखात्याचे साहेब बघायला आले. झिजलेल्या पंखांचा तो पतंग हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचा?"

"कंपनी नाय," विश्राम ताठ उभा राहून म्हणाला. "माझ्या बायलेचो."

साहेबांनी पतंग जपून खाली ठेवला.

या रोपांना फुलं यायला काही वर्षं जातील. तेव्हाही पतंग लागेल, आणि त्यानंतर दर हंगामात. तो कोण देणार?

दुकानाच्या फळीवर, लाकडी आंब्यांशेजारी, पांगाऱ्याचे नवे पतंग रांगेत ठेवले आहेत. लाख नाही, डोकी खरबरीत. विश्राम रोज सकाळी शाहीनकडे यंत्रणा शिकायला जातो. त्यांतला एकही पतंग अजून उडालेला नाही.