मांजरपाटाचा कोट

२०१८ सालचा श्रावण होता. असल्फ्याच्या डोंगरावरच्या घरांना त्या वर्षी नुकतेच गुलाबी, पिवळे, निळे रंग लागले होते, आणि मेट्रोने घाटकोपरला जाणारी माणसं खिडकीशी वाकून वाकून ते बघायची. सर यायची, जायची, मागून लगेच ऊन. भिजलेली छत्री वाळते न वाळते तोच पुन्हा उघडायची.

गंधाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मुलुंडची. वडील बँकेत, आई शाळेत, आणि ही फॅशन शोची स्टायलिस्ट.

“कपडे तू शिवत नाहीस, घालत नाहीस. मग करतेस काय गं नेमकं?” आई विचारायची.

“शिवणारा आणि घालणारी यांच्या मध्ये उभी राहते,” गंधाली म्हणायची.

आणि ते खरंच होतं. कुठल्या कपड्यावर कुठला जोडा, बाही दुमडायची की सोडायची, रॅम्पवर कोण आधी जाईल, कोण शेवटी, आणि कुठला कपडा जाणारच नाही, हे सगळं ती ठरवायची. त्यासाठी डाव्या खांद्याला एक भलीमोठी काळी पिशवी. टाचण्या, सेफ्टी पिना, सुया-दोरे, इस्त्रीचं छोटं यंत्र, टेपची रिळं... कॉलेज सुटल्यापासून ती पिशवी त्या खांद्यावरून उतरली नव्हती.

त्या दिवशी ती साकीनाक्याच्या एका ऑफिसच्या जिन्यात, पायरीवर बसली होती. पावसाने केस ओले, म्हणून ओढणी डोक्यावरून घेतलेली. भोवती जोड्यांचा ढीग. हे जोडे दुकानातून उसने आणायचे, शो झाला की परत द्यायचे. तळवे झिजू नयेत म्हणून प्रत्येकाच्या तळाला आधी टेप चिकटवायची. ती तेच करत होती, खाली मान घालून.

“मावशी, एवढा अंगठा जरा शिवून द्या ना.”

तिच्या मांडीजवळ एक चामड्याची चप्पल आली. अंगठा तुटलेली. गंधालीने मान वर केली. खांद्यावर कपड्यांच्या पिशव्या टाकलेला, एका पायावर उभा असलेला एक सावळा, उंच मुलगा. तिचा चेहरा दिसला आणि त्याचा तो एक पायही डगमगला.

“सॉरी... मला वाटलं...”

“मावशी वाटले. ठीक आहे.” तिने चप्पल उचलली, टेपचा एक तुकडा दाताने तोडला आणि अंगठ्याला दोन वेढे घट्ट मारले. “संध्याकाळपर्यंत टिकेल.”

“आणि हे सगळे जोडे?”

“उसने आहेत. टेप लावलेली वस्तू परत करायची असते. टेप न लावता वापरली, की मग ती ठेवूनच घ्यावी लागते.”

“मग ही चप्पल मी परत करायची का?”

तिला हसू आलं. ते लपवायला तिने पुढचा जोडा उचलला.

अर्ध्या तासाने ऑफिसच्या खोलीत ती टेबलामागे बसली होती आणि तोच मुलगा समोर आपले कपडे एकेक करून हँगरला लावत होता. पवईच्या तलावाकाठच्या एका हॉलमध्ये नव्या डिझायनरांचा शो ठरला होता. सहा डिझायनर, प्रत्येकाचे आठ पोशाख. गंधालीच्या स्वतःच्या नावावरचा तो पहिला शो. मुलाचं नाव नितेश परब.

“मॅडम, मघाशी...” त्याने सुरुवात केली.

“मावशी बरं होतं,” गंधाली म्हणाली.

आता सांगायला हवं की गंधाली ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या माणिक मॅडमनी तिला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. “डिझायनर आवडला तरी चालेल, पण तो आवडतो म्हणून त्याचा फसलेला कपडा शोमध्ये ठेवलास, तर तुझ्या डोळ्यांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा नाही.” माणिक मॅडम शोला पहिल्या रांगेत बसणार होत्या.

गंधालीने हे लक्षात ठेवलं. म्हणजे, ठेवायचं ठरवलं.

पण नितेशचं काम बघायला असल्फ्याला जावं लागायचं. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी खोली, दोन मशिनी, कापायचं टेबल, आणि खिडकीत बसून हाताची तुरपाई करणारी त्याची आई, सुगंधाकाकी. आजोबा धाकू परब गिरणीत होते. त्यांनी आणलेला मांजरपाटाचा एक अख्खा तागा ट्रंकेत तसाच होता, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. नितेशने सगळे आठ पोशाख त्यावरून सुचलेले, साधे, सुती केले होते. तो तागा मात्र अजून फाडला नव्हता.

गंधाली दारात आली की काकी मान वर न करता म्हणायच्या, “गो बाय, ती पिशवी आदी खाली ठेव. खांदो बघ कसो खाली इलो तुजो.”

“सवय आहे काकी.”

“सवय कसली. चाय घे.”

आणि नितेश बघत राहायचा. ती बाहीला टाचण्या लावताना, टाचणी ओठात धरून डोळे बारीक करताना, पिशवी उचलताना... गंधालीला वाटायचं, तो टाचण्यांकडे बघतोय.

“काय बघतोयस?” एकदा तिने विचारलंच. ‘तुम्ही’ कधीच गळून पडलं होतं.

“काही नाही. टाचणी गिळशील एखाद दिवशी.”

“गिळली तर शोचं काय, ही काळजी ना?”

“नाही. काढायला ऑपरेशन लागेल, टाके पडतील. डॉक्टरांचे टाके वाईट असतात यार... एकदम ओबडधोबड.”

ती हसली, आणि ओठातली टाचणी खरंच खाली पडली. दोघंही शोधायला वाकले. लादीवर दोन्ही हात एकाच जागी गेले आणि क्षणभर तिथेच राहिले. बाहेर सर आली, पत्र्यावर वाजली, थांबली. टाचणी तशीच राहिली.

“गावली काय?” खिडकीतून काकी म्हणाल्या.

“शोधतोय,” नितेश म्हणाला.

फिटिंगचा दिवस उजाडला. सहाही डिझायनरांचे कपडे मॉडेलना घालून बघायचे आणि यादी पक्की करायची. नितेशचे सात पोशाख झकास बसले. आठव्याच्या जागी त्याने ऐनवेळी दुसरंच काहीतरी आणलं होतं. मांजरपाटाचा लांब, सैल कोट. त्या ट्रंकेतल्या ताग्याचा.

गंधालीने तो हातात घेतला आणि उजेडात धरला. इतका सुरेख कपडा त्या सबंध शोमध्ये दुसरा नव्हता.

तो जान्हवीने घातला. जान्हवी बोरिवलीची, ताडासारखी उंच, तोंडाची फटकळ आणि गंधालीची जुनी मैत्रीण. तिने दोन पावलं टाकली. उजवी बाजू सरळ... आणि डाव्या खांद्यावर कोट ढिला पडून खाली ओघळला. कॉलर एका अंगाला ओढली गेली, बाह्या मनगटाच्या वर राहिल्या.

“वाट लागली,” जान्हवी म्हणाली. “मी वाकडी आहे का कोट?”

गंधालीने डाव्या खांद्याची शिवण वरूनच बघितली. चूक लहान नव्हती. “नितेश, डावा खांदा खाली कापला गेलाय. उसवून वर घे. उद्यापर्यंत होईल.”

“नाही घेणार,” तो शांतपणे म्हणाला.

“म्हणजे?”

“तो चुकलेला नाही.”

“मला दिसतंय ना चुकलेला. जान्हवी सरळ आहे, कोट वाकडा आहे.”

तो काहीतरी बोलणार होता. तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. खोलीत बाकीचे पाच डिझायनर होते, मॉडेल होत्या. सगळे थांबून ऐकत होते. गंधालीच्या मनात आलं, ठेवावा. वरून एखादा स्टोल टाकला तर खांदा झाकला जाईल, कुणाला कळणार आहे... आणि लगेच माणिक मॅडमचा आवाज कानात आला. तिला हा मुलगा आवडत होता, म्हणूनच तिला हे झाकता येणार नव्हतं.

“मग हा जाणार नाही,” ती म्हणाली. “तुझे सातच जातील.”

“ठीक आहे. तू म्हणशील तसं.”

त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तो मुकाट्याने कोट घडी करून निघून गेला. त्या रात्री तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. काय म्हणणार होती... चूक तर खरंच होती.

शो दुपारचा होता. हॉलच्या काचांबाहेर तलाव, त्यावर ऊन, आणि उन्हातच बारीक भुरभूर. पडद्यामागे मात्र एसीने नुसता गारठा. नितेश आपल्या मॉडेलच्या निऱ्या नीट करत होता, पण गंधालीकडे त्याने पाहिलं नव्हतं. ती कामाचं बोलली की ‘हो’ म्हणायचा, ‘नाही’ म्हणायचा. बस्स. सुगंधाकाकी कोपऱ्यात खुर्चीवर सुईदोरा घेऊन बसल्या होत्या, ऐनवेळी कुणाचं काही उसवलं तर म्हणून. त्यांच्या मांडीवर तो कोट होता.

गंधाली कुडकुडत होती. काकींनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि कोट पुढे केला. “घाल गो. गारठून जाशीत.”

“काकी, हा... मीच काढला ना यातून.”

“काढलंस तर काढलंस. थंडी वाजता मा?”

तिने तो अंगात घातला, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि जान्हवीच्या कानातलं सरळ करायला आरशासमोर गेली. हात वर गेला... आणि तसाच राहिला.

आरशात डावा खांदा कुठेही ओघळला नव्हता. कॉलर सरळ होती. जान्हवीला आखूड पडलेल्या बाह्या गंधालीच्या बरोबर मनगटावर टेकल्या होत्या. आणि पिशवीचा पट्टा, जो रोज खांद्यात रुतायचा, तो आज रुतत नव्हता. तिने कोटाच्या आत बोटं घातली. डाव्या खांद्याखाली, नेमकी पट्ट्याच्या जागी, गोधडीच्या टाक्यांची एक मऊ, पातळ गादी होती.

“अगं,” जान्हवी आरशातूनच म्हणाली, “हा कोट वाकडा नाहीये. तू वाकडी आहेस.”

गंधाली अजून ती गादी चाचपत होती. जान्हवी मात्र थांबणाऱ्यातली नव्हती. “मग लावू का परत लाइनीत? तू चाल. मी आडोशाला उभी राहून शिट्टी मारते.”

“नाही,” गंधाली म्हणाली. “हा रॅम्पवर जायचा नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही.” आणि मग हळूच, “सगळ्यांना दाखवायला केलेलाच नाही तो.”

ती वळली. नितेश तिथेच उभा होता, हातात कुणाचा तरी दुपट्टा.

“माप कधी घेतलंस?” तिने विचारलं.

“घेतलं नाही. बघितलं.”

“सांगायचं ना मग. सगळ्यांसमोर चुकीचा ठरवला मी.”

“वाटलं, तू ओळखशील. मॉडेलचं माप लांबून ओळखतेस...”

“स्वतःला लांबून कसं बघणार रे?”

“तो बोलूचो नाय,” कोपऱ्यातून काकी म्हणाल्या. “तेका शिवूक येता, बोलाक येणा नाय.”

बाहेर संगीत बदललं. त्याच्या सात पोशाखांची वेळ झाली. गंधालीने एकेकीला पडद्याबाहेर सोडलं, स्वतःच्या अंगातला कोट न काढता. सातवी गेल्यावर रिवाजाप्रमाणे डिझायनरने बाहेर जाऊन नमस्कार करायचा असतो. नितेश निघाला. सवयीने तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. तीच चामड्याची चप्पल. अंगठ्याला मळलेली, पण घट्ट टेप.

“ही घालून जाणार?”

“टेप लावलेली वस्तू परत करायची असते ना. म्हणून आणलीय.”

तिने कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. “आणि हा? हा शो झाल्यावर परत करायचाय का?”

नितेशने तिच्याकडे नीट बघितलं, किती दिवसांनी.

“त्याला मी टेप लावलेली नाही,” तो म्हणाला, आणि उजेडात निघून गेला.

नंतर माणिक मॅडम मागे आल्या. “सात जमले. आठवा काढलास म्हणतात, बरं केलंस.” मग त्यांनी तिच्या अंगावरच्या कोटाकडे, खांद्याकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. “अस्सं,” एवढंच म्हणाल्या, आणि चहा शोधायला गेल्या.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. माणिक मॅडम निवृत्त होऊन लोणावळ्याला राहतात, आणि कुठल्याही शोचे फोटो आले की फोन करून चुका सांगतात. जान्हवीने मॉडेलिंग सोडलं. बोरिवलीत बायकांचे व्यायामाचे वर्ग घेते, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकीला कुठला खांदा वाकडा आहे ते तोंडावर सांगते. सुगंधाकाकींना आता सुई ओवता येत नाही, पण टाका चुकला तर बोट फिरवून कळतो. त्या शोमधून नितेश रातोरात मोठा झाला वगैरे काही नाही. तो आजही असल्फ्यातच आहे, मशिनी मात्र दोनाच्या चार झाल्या आहेत. कामावर जाणाऱ्या बायकांसाठी कोट आणि जाकिटं शिवतो. पिशवी कुठल्या खांद्याला घेता, हे आधी विचारतो.

गंधाली पुढच्याच वर्षी मुलुंडहून असल्फ्याला आली, त्याच्याशी लग्न करून. अजून शो करते आणि नवऱ्याचे कपडे जमले नाहीत तर काढून टाकते. चप्पल कपाटात आहे. परत द्यायची राहूनच गेली. कोट कोपरांना विरला आहे, पण थंड हॉलमध्ये तिला दुसरं काही चालत नाही.

नितेशने तिचं माप मात्र आजतागायत घेतलेलं नाही. लग्नानंतरच्या एका हिवाळ्यात तिने कोट अंगात घातला, तर पुढची बटणं दोन बोटं सरकवून लावलेली दिसली.

“हे कशाला?”

“लागेल,” तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला.

“जाड म्हणतोयस मला?”

“छे.”

ती रुसली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला ती बातमी सांगितली, तेव्हा कुठे तिला कळलं, बटणं कुणासाठी सरकली होती.