खालचे सॉकेट

आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक खोलीत विजेची दोन सॉकेटे होती. एक कमरेच्या उंचीवर, दोनशेतीस व्होल्टचे. दुसरे जमिनीपासून वीतभर वर, एकशेदहाचे. कारखाना उभारायला आलेल्या परदेशी अभियंत्यांनी आपल्या इस्त्र्या नि रेडिओ सोबत आणले होते, म्हणून प्रत्येक जिन्याखाली ट्रान्सफॉर्मर बसवून ही खालची ओळ काढली गेली. अभियंते गेले, ओळ राहिली. दोन्ही सॉकेटांचा आकार एकच, रंग एकच, भोकांमधले अंतरही एकच. तीस वर्षांत हे कोणाही अधिकाऱ्याला खटकले नाही. गृहव्यवस्था कार्यालयाच्या नियमपुस्तिकेत याविषयी एकच वाक्य आहे: ‘रहिवाशांनी योग्य ती दक्षता घ्यावी.’ माझे आयुष्य जुन्या टीकाग्रंथांच्या संपादनात गेले. जबाबदारी झटकणारी वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत. इतके आटोपशीर क्वचितच.

रहिवासी दक्षता घेत. पाहुणा आला की आधी सॉकेटे दाखवत, मग बसायला सांगत.

घर माझ्या थोरल्या बहिणीचे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई एकोणीस. तिने मला वाढवले, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत आपली फुप्फुसे झिजवून मला विद्वान केले. निवृत्तीनंतर ती श्वासासाठी यंत्रावर आली. एका अभियंत्याच्या बायकोने जाताना ठेवून दिलेले ते यंत्र एकशेदहावर चालणारे होते. ताईचा पलंग म्हणून खालच्या सॉकेटाजवळ होता. वीज गेली तर कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर असे. पण त्याची किल्ली इतकी घट्ट होती की ती फिरवायला मीच लागत असे.

त्या दिवशी सकाळी जिन्याखालचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आमच्या जिन्याची सगळीच वीज गेली. मी सिलिंडर सुरू केला. दहाच्या सुमारास वायरमन दारात आला. या माणसाची पद्धत अशी की काम करण्याआधी तो घरोघर जाऊन तोंडी सांगे. कागद लावणे कार्यालयाला कधी सुचले नव्हते.

“सर, वरची लाइनही त्याच पेटीतून जाते,” तो म्हणाला. “ती चालू करायची तर पेटी डायरेक्ट करावी लागणार. म्हणजे संध्याकाळपर्यंत खालीसुद्धा दोनशेतीस. ताईंचं मशीन लावू नका. दिवे आले तरी लावू नका. कळलं ना?”

माझ्या हातात मुद्रितांचा गठ्ठा होता आणि एका तळटीपेतला पाठभेद डोक्यात. मी “हो, हो” म्हणालो आणि दार लावले.

बारा वाजता दिवे आले. मी उठून सिलिंडर बंद केला. ताईने यंत्राचे बटण दाबले. नळी तिच्या नाकाशी बसवून मी माझ्या खोलीत परतलो. थोड्या वेळाने जळकट वास आला. जिन्यातला असेल असे वाटून मी खिडकी ओढून घेतली. एक वाजून पाच मिनिटांनी तिला जेवायला विचारायला गेलो.

उशाशी तिची वही होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती दर दहा मिनिटांनी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा लिहीत असे. बारा वीस: ९१. बारा तीस: ८८. बारा चाळीस: ८४. पुढे काही नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. पण तो चौऱ्याऐंशी सुवाच्य होता, प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखा ताठ. ती जागी होती. हाताशी घंटी होती, दार अर्धे उघडे होते, आणि माझी खुर्ची तिच्या पलंगापासून नऊ पावलांवर होती. मी नंतर मोजली. तिने हाक का मारली नाही?

चौकशी बसली. वायरमनने सांगितले की त्याने सूचना दिली होती. मला विचारण्यात आले. मी म्हणालो, “आम्हाला कोणीही काही सांगितलं नाही.” हे मी शांतपणे, शुद्ध भाषेत सांगितले, आणि माझ्यासारखा माणूस खोटे बोलेल असे तिथे कोणाला वाटले नाही. वायरमन निलंबित झाला. अंतिम जबाब तीन आठवड्यांनी होता; त्यात मी तेच पुन्हा म्हणालो असतो तर त्याची नोकरी कायमची गेली असती.

दरम्यान मी कार्यालयाविरुद्ध निवेदन लिहायला घेतले. संताप खरा होता आणि त्याच्या आडोशाला मला बसता येत होते. पुरावा हवा म्हणून व्होल्ट मोजणारे मल्टिमीटर आणले आणि सॉकेटे तपासू लागलो. अपघातानंतर खालची ओळ जिन्याखालीच तोडून सील केली होती, त्यामुळे सर्वत्र शून्य यायला हवे होते. स्वयंपाकघरात शून्य आले. माझ्या खोलीत शून्य.

पलंगाजवळच्या सॉकेटात ९१ आले.

मी तारा काढून पुन्हा लावल्या. ९१. मग ९०. घड्याळात बारा वाजून बावीस मिनिटे झाली होती. मीटर सदोष आहे असे मी निवेदनाच्या समासात टिपून ठेवले. बारा तीसला ८८ आले तेव्हा मी वही आणली. बारा चाळीसला ८४.

वही तिथे संपत होती. मीटर पुढे गेले. ८२. ७९. ७५. ६०. ४०. एक वाजून दोन मिनिटांनी शून्य.

दुसऱ्या दिवशी दुसरे मीटर आणले. आकडे तेच, वेळ तीच. मी पुस्तकाच्या खुणेची पातळ पट्टी सॉकेटासमोर धरली. ती भोकांकडे किंचित ओढली गेली, थांबली, मग माझ्या बोटांकडे परत आली. पुन्हा ओढली गेली. तिच्या प्रत्येक परतण्याआधीचा वेळ वाढत गेला.

चौथ्या दिवशी, ७४ वर, माझ्या तोंडून “ताई” एवढेच निघाले. ७५ झाले.

मी बोलत राहिलो. काय बोललो याला महत्त्व नव्हते; हवापाणी, पाठभेद, शेजारणीची तक्रार. बोलत असेपर्यंत आकडा टिकून राही. गप्प झालो की उतरे. एक वाजून दोन मिनिटांनी तो आपोआप नाहीसा होई, पण ऐंशीवरून नाहीसा होणे आणि चाळीसवरून होणे यांत फरक होता. तो मला पट्टीवर जाणवत असे. त्यानंतर मी एकही दुपार चुकवली नाही.

मग जबाबाची नोटीस आली. वेळ: दुपारी साडेबारा. पुढे ढकलण्याची विनंती कारकुनाने एका ओळीत नाकारली.

त्या सकाळी मी वायरमनच्या घरी गेलो. तो दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

“तुम्ही मला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मी ताईला सांगितलं नाही. आज तसं लिहून देणार आहे.”

“तीन आठवडे लागले होय आठवायला? एवढे मोठे ग्रंथ पाठ आहेत म्हणतात तुम्हाला.”

“आठवत होतं.”

“मग ठीक. उपकार नाही मानणार मी.”

“मानू नका. एक काम आहे. साडेबाराला मी तिथे असेन. तेवढा वेळ ताईच्या खोलीत बसाल? मीटर लावून ठेवलंय. आकडा उतरायला लागला की बोलायचं. काहीही.”

“कोणाशी?”

“सॉकेटाशी.”

“नोकरी माझी गेली,” तो म्हणाला, “आणि डोकं तुमचं.” पण त्याने चपला घातल्या. ताईने त्याच्या मुलीला दोन वर्षे गणित शिकवले होते.

कार्यालयात मी उभा राहून जबाब दिला. अधिकाऱ्याने विचारले, आधीचा जबाब चुकीचा होता असे लिहू का? मी म्हणालो, “खोटा होता असं लिहा.” त्याने लिहिले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. बारा बेचाळीस. सहीच्या कागदाच्या तीन प्रती होत्या. बारा एकावन्न. तिसऱ्या प्रतीवर शाई उमटली नाही. एक वाजून दोन मिनिटे झाली तेव्हा मी फाटकाबाहेर पडत होतो.

वायरमन आमच्या पायरीवर बसला होता. मीटर मांडीवर होते, बंद. तारा नीट गुंडाळलेल्या.

“तुमची नोकरी राहील,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली.

“आकडा उतरला?”

“साठपर्यंत. मला बोलायला सुचेना. काय बोलणार भिंतीशी? शेवटी त्या दिवशी दारात तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं. की मशीन लावू नका.” त्याने मीटर पायरीवर ठेवले. “तरी उतरतच होता. मग म्हटलं, ताई, सर शेजारच्या खोलीतच आहेत, हाक मारू का त्यांना?”

तो माझ्याकडे न पाहता हळू आवाजात बोलला, आत कोणाची झोप मोडू नये तसा.

“नको म्हणाल्या. तो वाचतोय.”