मासवणचा नवा तांदूळ

"हा तांदूळ मासवणचा नाय!"

मी जरा मोठ्यानेच बोलले. माझा आवाज मुळातच शेतात हाक मारायचा, हॉटेलात बोलायचा नव्हे. शेजारची टेबलं वळून बघायला लागली, माझी मैत्रीण किंजल ताटात तोंड घालून बसली, आणि स्वयंपाकघरातून तो आला... हाताला पीठ, कपाळावर आठी.

"काय झालं, मॅडम?"

"फळ्यावर काय लिवलंय तुमी? मासवणच्या गोमा यांच्या शेतातला नवा तांदूळ. गोमा माझा बाप हाय. आनि भात अजून शेतात उभं हाय!"

बोईसरमध्ये तेव्हा दहा दिवसांचा थाळी महोत्सव चालू होता. जवळच्या शेतातलं आणायचं आणि त्याच दिवशी शिजवायचं, हा हॉटेलांना नियम. कंपनीतली ड्यूटी संपली की मी आणि किंजल रोज एक हॉटेल गाठायचो. खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या ताटातल्या चवळीच्या शेंगा आणि कुरकुरीत बोंबील सोडून भांडायला उठावंसं वाटत नव्हतं. तरी उठले.

तो लालेलाल झाला. फळ्याकडे गेला, तळहाताने ती ओळ पुसली आणि लिहिलं – 'तांदूळ गेल्या वर्षीचा, बाजारातला. चूक माझी. धीरज.'

"मी न बघता लिवलं," तो परत येऊन म्हणाला. "आमी घिवलीचे, दर्याकाठचे. मासळी कळते. तांदळाचं तुमी शिकवा."

लोक चूक झाली की दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. याने फळा पुसला. मला तो तिथेच आवडला... फक्त त्याला लगेच सांगितलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून मी ड्यूटीवर जाताना स्कूटीवरून आमची भाजी त्याच्याकडे टाकू लागले. चौथ्या दिवशी 'तुमी'चं 'तू' झालं.

"आज काय आनलंस, नवसी?"

"काकड्या."

"आनि?"

"चवळी."

"आनि?"

"मी आलेय ना... दिसत नाय?"

त्याच्या हातातली काकडी खाली पडली. मी हसत स्कूटीला किक मारली.

शेवटच्या दिवशी परीक्षक येणार होते. धीरजचं हॉटेल जेमतेम सहा महिन्यांचं. पहिला आला असता तर बोईसरभर नाव झालं असतं. बोंबलाच्या कालवणाबरोबर त्याला खराखुरा नवा तांदूळ वाढायचा होता.

"देशील?"

"नाय." मी सरळ सांगितलं. आमच्याकडे नवं धान्य आधी गावदेवाला दाखवतात, मग अख्खं गाव एकाच दिवशी खातं. त्याआधी कुणी दाणा तोंडात घालत नाही. गावाने दिवस ठरवला होता तो नेमका महोत्सव संपल्यावरचा.

"एका दिवसासाठी...?" तो म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. "ऱ्हाऊ दे. तुमच्या देवाला माझी घाई कशाला?"

त्याने पुन्हा मागितलं नाही. तेच मला लागलं. दहाव्या दिवशी सकाळी, बाबांनी नव्याच्या जेवणासाठी त्याच आठवड्यात कापून, कांडून ठेवलेल्या तांदळातून मी न विचारता एक पिशवी भरली. देव समजून घेईल, परीक्षक घेणार नाहीत, असं स्वतःला बजावत बोईसर गाठलं.

त्याने मूठभर तांदूळ घेतला, हुंगला, डोळे मिटले... मग तांदूळ परत टाकून त्याने पिशवीचं तोंड बांधलं.

"घेऊन जा."

"येडा हायस काय? तुझ्यासाठी आनलाय!"

"म्हनूनच. माझ्या ताटापायी उद्या गावात मान खाली घालशील..."

"मी मान खाली घालत नाय."

"ठाव हाय. घालायची पाळीपन येऊ नये. उद्या जेवायला बोलाव, उद्या खातो."

पिशवी घेऊन परत जाताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून रडले. माझ्या मानाची काळजी माझ्याआधी दुसऱ्या कुणी केली नव्हती. हा माणूस मला हवा होता. आयुष्यभर.

त्याने गेल्या वर्षीचा तांदूळ शिजवला, फळ्यावर तसं लिहिलं. तिसरा आला.

दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवून तो मासवणला आला, हातात ताज्या बोंबलांची टोपली. गावदेवाकडून माणसं परतली, आमच्या अंगणात पळसाच्या पानांवर वाफाळता भात यायला लागला. धीरज सरळ बाबांच्या शेजारी जाऊन बसला. वाढता वाढता माझी जिवली आत्या थांबली.

"ह्यो कोन? पयल्या पंगतीला घरचीच मानसं बसतात."

तो गडबडून उठायला लागला. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती, बाबासुद्धा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बरोबर बसलाय, आत्या. वाढ."

"नवसी..." तो कुजबुजला, "मला इचारलं तरी...?"

"इचारू?"

"नको. माझं हो हाय."

बाबांनी आपलं पान जरा सरकवून त्याला जागा केली, आणि आत्याने भात वाढला.