दुधी ठिपका

चाचणीच्या कपाटाचं दार उघडताच सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. आतल्या दमट उष्णतेत महिनोन्‌महिने तग धरलेली तिची पेरोव्स्काइट स्फटिकाची सौरपट्टी, दोन काचांमध्ये तिने बनवलेल्या गोंदाने कडा बंद केलेली, कालपर्यंत काळीभोर होती. आज तिच्यावर पिवळा डाग पसरला होता. ओलावा लागून पिवळी पडली म्हणजे मेली.

कारखान्याचे मालक, म्हणजे तिचे सासरे, यांनी निवृत्त फौजदारबाईंना बोलावलं. सगळे त्यांना भिंगबाई म्हणत.

"सुनेचा गोंद फसला असेल तर तिची प्रयोगशाळा आजच बंद," सासरे म्हणाले. "पुन्हा धाकट्या मुलाचा गोंद वापरायचा."

"फसलाच आहे," दीर भिंतीला टेकून म्हणाला. "कडेने ओलावा शिरला. वहिनींना कोण सांगणार?"

"तुमचा गोंद याच कपाटात एका दिवसात दुधासारखा पांढरा झाला होता, भाऊजी."

"कपाट बिघडलं होतं. माझा गोंद पांढरा पडत नाही."

"चावी कोणाकडे असते?" भिंगबाईंनी विचारलं.

"आम्हा दोघांकडे," सून म्हणाली.

"काल शेवटी कोण होतं?"

"मी," दीर म्हणाला. "काचा पुसल्या. गुन्हा आहे का?"

"बघू." बाई पट्टीवर वाकल्या. "कडेने ओलावा शिरला तर आधी काय पिवळं पडतं?"

"कड," सून म्हणाली आणि थबकली. चारही कडा काळ्या होत्या. डाग मधोमध होता.

बाईंनी पट्टी पालथी केली. मागच्या काचेवर, बरोबर मध्यावर, मोहरीएवढा दुधी ठिपका. त्यांनी तो सुईने खरवडला. खाली भोक होतं.

"बारीक ड्रिलने पाडलंय. ओलावा आत गेल्यावर वरून गोंद भरला. तो गोंद तसाच पारदर्शक राहिला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता."

"माझा जुना गोंद कोणीही घेईल," दीर म्हणाला. "वहिनींनीच केलं असेल, माझ्यावर ढकलायला."

"मग त्या गप्प का बसल्या? ठिपका त्यांनीच आधी दाखवला असता. हा लपवायला भरलाय. आणि लपवायला हा गोंद वापरेल असा माणूस एकच. तुमचा गोंद पांढरा पडतो हे तुम्ही कधी मानलंच नाही."



"भोक पाडूनही माझ्या गोंदाची कड सुटली नाही, भाऊजी," सून थंडपणे म्हणाली.

सासऱ्यांनी धाकट्यासमोर तळहात धरला. "चावी."