एकशे शहाऐंशी गट नंबर

जानेवारी २०१८. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक्सेलच्या यादीतला गट नंबरांचा रकाना बिघडलेला आढळला. गट १२/३ च्या जागी १२ मार्च ही तारीख दिसत होती. अशा तारखा एकूण एकशे शहाऐंशी.

यादी कपाशीवरच्या बोंडअळीच्या पंचनाम्याची होती. ती पाचच्या आत यवतमाळला गेली नाही, तर तेवढ्या शेतकऱ्यांची नावं भरपाईतून सुटणार होती. ती टाइप करणाऱ्या दीपाचं कंत्राटही वाढणार नव्हतं.

अश्वजित यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून बाभुळगावच्या या तहसील कार्यालयात आला होता तो प्रिंटर दुरुस्त करायला. जाता जाता त्याने पडद्याकडे पाहिलं... मग दीपाकडे, जरा जास्त वेळ.

"मी तं बरोबरच टाकलं होतं," ती म्हणाली.

अशा आकड्याला कॉम्प्युटर तारीख समजतो, त्याने सांगितलं. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा असतो. आता सगळे नंबर पुन्हा टाकावे लागतील. कागद तो वाचेल.

तो वाचत गेला. पान उलटायला बोट जिभेला लावायचा. तिसऱ्या पानाला दीपाने मान वर न करता पाण्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्यानंतर त्याचे दोन नंबर चुकले. दोन्ही तिने पकडले.

"लक्ष कुठं हाय जी तुमचं?"

"यादीतच हाय," तो यादीकडे न पाहता म्हणाला.

तीन चाळीसला यादी गेली.

शुक्रवारी दुसऱ्या गावाच्या यादीत तीच चूक निघाली. शेजारच्या टेबलावरच्या सलोनीने एक फॉर्म्युला टाकला. अर्ध्या मिनिटात सगळ्या तारखांचे पुन्हा गट नंबर झाले. दीपाने अश्वजितला फोन लावला.

"तुमाले हा फॉर्म्युला माहीत होता?"

"होता."

"मंग अडीच तास कायले वाचत बसले?"

"अर्ध्या मिनिटात झालं असतं तं... तुमच्यापाशी बसाले भेटलं असतं का?"

"अन् पाच वाजून गेले असते तं? लोकायचं नुकसान हाय त्यात."

"चारले फॉर्म्युला मारणारच होतो."

ती हसली नाही. हे बरोबर केलं नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

सोमवारी साडेदहाला त्याच्या दुकानात तक्रार आली – प्रिंटर बंद. तक्रार दीपाची. सलोनीच्या सांगण्यानुसार प्रिंटरची वायर मागून काढलेली आहे, आणि टेबलावर पाण्याची वाटी भरून ठेवली आहे. अश्वजित अकराला लोहाऱ्याहून निघाला. अजून वाटेतच आहे.