हुंकाराची पोच

बाहल्या आजाची तीन डोंगरांच्या भांडणाची गोष्ट सुरू झाली की चुलीवरच्या भाकरी करपायच्या, तरी ती संपायची नाही. मग कान्यासमोर बसल्यावर तीच गोष्ट चार वाक्यांत कशी आटोपली? आमलीपाड्यात कोणालाच हे कोडं सुटेना.

कान्या म्हणजे रोबो. सातपुड्यातल्या या पाड्याने आपल्या गोष्टी आपल्याच पावरी बोलीत साठवायचं ठरवलं, तेव्हा तो आला. डोक्याला सुपाएवढे दोन कान, म्हणून पोरांनी त्याचं नाव पाडलं कान्या.

आजाच्या नातीचा, वेस्तीचा, जीव मात्र टांगणीला लागला होता. सोमवारी आजाच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. आणि ही गोष्ट पुरी अशी फक्त आजालाच येत होती.

"आजा, नीट सांग ना!"

"सांगतोच आहे पोरी. पण पुढचं तोंडात येतच नाही बघ."

"मी तर सगळ्यांना चिडीचूप बसवलं होतं," कान्या म्हणाला. "कोंबड्यासुद्धा हाकलल्या. आवाज अगदी स्वच्छ आलाय."

त्याने पडद्यावर आवाजाचा आलेख (आवाज कुठे चढला, कुठे उतरला ते दाखवणारी रेघ) काढून दाखवला. रेघ नाचत जायची आणि सपाट व्हायची. प्रत्येक वाक्यानंतर तसंच. वेस्ती त्या सपाट जागांकडे बघत बसली. इथे आजा कशाची वाट बघतोय?

एकदम तिने कपाळावर हात मारला. "अरे, इथे आपण हूं म्हणतो! तू सगळ्यांना गप्प केलंस, मग हुंकारा कोण देणार?"

कान्याने कान टवकारले. "म्हणजे पोच! मी उपग्रहाकडे काही पाठवतो ना, ते सगळं एकदम जात नाही. त्याची पॅकेटं (माहितीचे छोटे तुकडे) करावी लागतात. तुकडा मिळाला की तिकडून पोच ('मिळालं' असा निरोप) येते. नाही आली, तर मी तोच तुकडा पुन्हा पाठवतो. तरीही नाही आली, तर पाठवणंच थांबवतो."

"आजानेही तेच केलं," वेस्ती म्हणाली.

मग काय, कान्याने मोठ्या हौसेने हुंकारा द्यायला घेतला. घड्याळाच्या टिकटिकीसारखा. आजाचं वाक्य अर्धं झालेलं असलं तरी हूं!

"हा ऐकतो कुठं?" आजा वैतागला. "नंदीबैलासारखी नुसती मान हलवतोय."

"तुकडा मिळाल्यावर पोच द्यायची, कान्या. आधीच नाही," वेस्ती हसत म्हणाली आणि स्वतः आजाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

हूं, ती म्हणाली, आणि पहिला डोंगर उठून उभा राहिला. हूं. दुसऱ्याने ढगांचं पांघरूण ओढून घेतलं. तिसरा रुसून नदीकाठी चालू लागला, त्याच्या पाठीवरची महूची झाडं डुलत राहिली. वेस्तीला वाटलं, आपणही त्याच्या पाठीवर बसलोय आणि खाली पाडा हळूहळू लहान होत चाललाय. गोष्ट संपली तेव्हा सगळ्यांच्या घरी भाकरी करपल्या होत्या.

कान्याने गोष्ट एका बोलक्या पेटीत भरली, पण त्या सपाट जागा तशाच ठेवल्या. ऐकणाऱ्याने हूं म्हटलं तरच पेटीतली गोष्ट पुढे जाणार.

"उद्या चंद्रावरच्या वस्तीतली मुलंही ऐकतील," तो म्हणाला. "त्यांचा हूं इथे पोचायला जरा उशीर होईल."

"होऊ दे. गोष्ट थांबेल."

ऑपरेशन झालं. आजा गळ्याला पट्टी बांधून घरी आला, पण शब्द फुटेना. पोरं अंगणात जमली. वेस्तीने पेटी लावली. पहिलं वाक्य झालं आणि पेटी थांबली. बोलू न शकणाऱ्या आजासमोर पेटीला हुंकारा द्यायला पोरं लाजत होती. वेस्ती तोंड उघडणार, तोच आवाज आला.

"हूं."

घोगरा, अगदी बारीक. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो आजाचा होता.

पेटीतला आजा पुढचं सांगू लागला.